लालबागच्या अभ्यासिकेतला मल्टिबूट पेनड्राइव्ह: एक प्रकरण अभ्यास

लालबाग आणि करी रोड स्टेशनच्या मधल्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून मंडळानं अभ्यासिका काढली आहे. दिवसा बारावीची मुलं, संध्याकाळी मराठी टायपिंगचा सराव करणाऱ्या मुली, रात्री एमपीएससीवाले. कॉम्प्युटर अकरा, आणि अकरा तऱ्हांचे म्हटले तरी चालेल. बहुतेक देणगीत आलेले: कुणाच्या ऑफिसनं बदलले म्हणून, कुणाचा मुलगा परदेशी गेला म्हणून. पगारी देखभालवाला नाही. किल्ली बेस्टमधून निवृत्त झालेल्या एका काकांकडे असते, आणि कॉम्प्युटर अडला की मुलं आधी त्यांच्याकडेच जातात.

काम माझ्याकडे आलं ते काकांच्याच तोंडून. "तू असतोस तेव्हा सगळं चालतं रे. तू गेलास की रात्री मशीन बसतं आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. मला असं काहीतरी दे की लावलं की चाललं."

"लावलं की चाललं" याचा अर्थ बसून काढला तेव्हा पाच गरजा निघाल्या. एखाद्या मशीनची डिस्क गेली तरी त्यावर बसून मुलाला अभ्यास करता यावा, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टम). रॅमवर संशय आला तर मेमटेस्ट. बिघडलेली सिस्टम साठवलेल्या प्रतीवरून परत उभी करायला क्लोनझिला. डिस्कवरच्या फायली वाचवायला सिस्टमरेस्क्यू. आणि ज्या दोन मशीनवर विंडोज आहे त्यांच्यासाठी विंडोजचा इन्स्टॉलर. पाच पेनड्राइव्ह चिठ्ठ्या चिकटवून डब्यात ठेवता आले असते. पण अभ्यासिकेत पेनड्राइव्ह आठवडाभरही डब्यात राहत नाही, त्यावर कुणीतरी नोट्स भरून घेऊन जातं. एकच असला तर काकांच्या किल्लीच्या जुडग्यात राहतो. म्हणून एकच, मल्टिबूट: मेन्यूतून निवडाल ती सिस्टम त्याच पेनड्राइव्हवरून सुरू होते.

मशीन कोणती होती

अशा कामात मेन्यूची फाइल लिहायला बसण्याआधी मशीनची यादी करावी. इथं तीच निर्णायक ठरली.

पाच मशीन कोअर टू ड्युओच्या काळातली, फक्त जुनं बायोस, म्हणजे मशीन चालू होताच सिस्टम कुठून सुरू करायची ते बघणारं मशीनमधलं फर्मवेअर. तीन मशीन चौथ्या पिढीच्या आय-सिरीजची. त्यांना बायोसची जुनी पद्धतही कळते आणि यूईएफआय ही नवी पद्धतही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नवा प्रोसेसर लागतो, म्हणून ही आठही मशीन मिंटवर नेली. दोन छोटे डेस्कटॉप नवे आहेत, विंडोज ११ चे. टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून तिथं विंडोज ठेवणं भाग होतं. हे दोन डेस्कटॉप एका ऑफिसनं वापरायला दिलेत, मालकी ऑफिसचीच. डिस्कवर काय करायचं ते करा, फर्मवेअरच्या सेटिंगला हात लावू नका, ही अट. पासवर्डही त्यांच्याकडेच. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला प्रोग्राम सुरूच होऊ न देणारी सोय, चालू. एफ१२ दाबून बूट मेन्यू उघडतो, एवढीच मोकळीक. अकरावं एक टॅबलेटवजा टू-इन-वन; त्याची कथा शेवटी.

म्हणजे एकाच पेनड्राइव्हनं जुन्या बायोसवरून, यूईएफआयवरून आणि सिक्युअर बूट चालू असलेल्या यूईएफआयवरूनही सुरू व्हायचं होतं, आणि यातली एकही गोष्ट बंद करून काम सोपं करायची मुभा नव्हती.

अशा कामाला हल्ली बहुतेक जण व्हेंटॉय वापरतात, आणि ते योग्यच आहे. आयएसओ फायली (एका फाइलमध्ये भरलेली अख्खी सिस्टम) नुसत्या कॉपी करायच्या, मेन्यू आपोआप तयार. स्वतःच्या घरच्या मशीनसाठी कुणी विचारलं तर मीही तेच सांगतो. पण सिक्युअर बूट चालू असेल तर व्हेंटॉय पहिल्यांदा लावताना त्याची की (सहीची ओळख) त्या मशीनमध्ये नोंदवावी लागते, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये आपली नोंद ठेवून यायचं. ऑफिसच्या अटीत ते बसत नव्हतं. म्हणून ग्रब, म्हणजे मेन्यू दाखवून निवडलेली सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम, आणि हातानं लिहिलेली कॉन्फिग फाइल.

पेनड्राइव्ह

मंडळातल्या एकानं लग्नात भेट मिळालेला १२८ जीबीचा पेनड्राइव्ह आणून दिला. दिसायला झकास, धातूचा. त्याच्यावर एफ३ नावाचा प्रोग्राम चालवला. हा ड्राइव्ह काठोकाठ फायलींनी भरतो आणि मग त्या परत वाचून पडताळतो. सुरुवातीचे आठेक जीबी नीट वाचले गेले, त्यापुढे सगळा कचरा. आकार खोटा सांगणारे असे पेनड्राइव्ह लिहिताना तक्रार करत नाहीत, वाचतानाच दगा देतात. आणि मल्टिबूटच्या कामात वाचायची वेळ येते ती नेमकी मशीन बिघडलेलं असताना. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून बिलासकट ६४ जीबीचा आणला, त्यालाही आधी एफ३ लावला, मग पुढचं काम.

पार्टिशन टेबल (ड्राइव्हचे भाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात याची नोंद) जुन्या एमबीआर पद्धतीची ठेवली. नवी जीपीटीही चालली असती, पण जुन्या बायोसच्या पाच मशीनपैकी दोन अशी हट्टी निघाली की पार्टिशनवर ॲक्टिव्हचा झेंडा नसेल तर त्या पेनड्राइव्हला ओळखतच नाहीत. ग्रबला स्वतःला त्या झेंड्याची गरज नसते, बायोसला असते. यूईएफआयला पेनड्राइव्हवर एमबीआर चालते, फक्त आत फॅट३२ (फायली मांडायची जुनी पद्धत) पार्टिशन हवं. म्हणून पहिलं पार्टिशन फॅट३२, बूटचं सगळं त्यात. दुसरं ईएक्सटी४, क्लोनझिलाच्या प्रतींसाठी.

फॅट३२ घेतलं की एक बंधन येतं: कुठलीही फाइल ४ जीबीच्या आत हवी. मिंट आणि क्लोनझिलाचे आयएसओ त्यात बसतात. विंडोजच्या इन्स्टॉलरमधली इन्स्टॉल.विम ही मोठी फाइल बसत नाही, तिचे विमलिब या साधनानं तुकडे करावे लागतात, इन्स्टॉल.एसडब्ल्यूएम नावाचे तुकडे विंडोजचा सेटअप आपणहून ओळखतो.

दोन ग्रब, एक मेन्यू

जुनं बायोस पेनड्राइव्हचा फक्त पहिला सेक्टर वाचतं. ५१२ बाइट. त्यातले ६४ पार्टिशन टेबलचे, २ शेवटच्या खुणेचे, प्रोग्रामला उरतात ४४६. एवढ्यात मेन्यू काय, धड फाइल वाचणंही बसत नाही. म्हणून ग्रब तिथं फक्त "पुढचं इथून उचल" एवढंच लिहितो, आणि खरा गाभा पहिल्या सेक्टर आणि पहिल्या पार्टिशनच्या मधल्या रिकाम्या जागेत ठेवतो. हल्ली पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणजे जवळजवळ १ एमबी मोकळी मिळते, आणि ती पुरते. जुन्या साधनानं ६३ व्या सेक्टरपासून पार्टिशन केलेला पेनड्राइव्ह असेल तर ग्रब तिथंच कुरकुरतो.

यूईएफआयचं सगळं वेगळं. ते फॅट३२ पार्टिशनमध्ये ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४.ईएफआय अशी फाइल शोधतं. काढता-घालता येणाऱ्या माध्यमासाठी हे नाव ठरलेलं आहे. म्हणून ग्रब-इन्स्टॉल दोनदा चालवायचं: एकदा बायोससाठी आय३८६-पीसी लक्ष्य देऊन, एकदा यूईएफआयसाठी एक्स८६_६४-ईएफआय लक्ष्य आणि रिमूव्हेबलचा पर्याय देऊन. तो पर्याय दिला नाही तर ग्रब आपलं नाव ज्या मशीनवर बसून काम करतोय त्याच मशीनच्या बूट यादीत लिहून मोकळा होतो आणि पेनड्राइव्ह दुसरीकडे चालत नाही.

दोन्ही वेळी बूट फोल्डर एकच द्यायचं. आत मॉड्युलांची (ग्रबच्या जोडभागांची) दोन फोल्डरं होतात, पण ग्रब.सीएफजी एकच राहते. कुठल्या वाटेनं आलो हे त्या फाइलला ग्रब_प्लॅटफॉर्म या चलावरून कळतं. किंमत पीसी असेल तर बायोस, ईएफआय असेल तर यूईएफआय. जिथं दोन्हीकडे वेगळं वागायचं तिथं त्यावर अट घालायची.

नमुन्याच्या कॉन्फिग फायलींमध्ये "एचडी०, पार्टिशन १" असा पत्ता लिहिलेला सर्रास दिसतो. तो चाळीत "कोपऱ्यावरची खोली" असा पत्ता सांगण्यासारखा आहे: कुठल्या जिन्यानं वर गेलात त्यावर कोपरा बदलतो. एका मशीनवर पेनड्राइव्ह एचडी० असतो, शेजारच्यावर एचडी१. दारावरची पाटी वाचावी तसं सर्च आज्ञेनं पार्टिशनच्या लेबलवरून शोधायचं आणि सापडलं ते रूट, म्हणजे पुढच्या फायली वाचायची जागा, ठरवायचं. फॅट३२ चं लेबल ११ अक्षरांपर्यंतच असतं आणि दुसऱ्या कुठल्या ड्राइव्हचं तेच नसावं, म्हणून काहीतरी विचित्र ठेवावं. यूयूआयडी या पार्टिशनच्या ओळखक्रमांकानंही चालतं, पण उद्या दुसरा पेनड्राइव्ह तयार करताना लेबल परत तेच देणं सोपं पडतं.

आयएसओच्या आतून बूट करताना

मिंटची आयएसओ फाइल न उलगडता तशीच ठेवायची होती, म्हणजे नवी आवृत्ती आली की जुनी काढून नवी टाकायची, झालं. ग्रबची लूपबॅक आज्ञा आयएसओला डिस्कसारखी उघडते, मग ग्रब आतला कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फायलींचा गठ्ठा) उचलतो आणि कर्नलला सुरू करतो. इथपर्यंत सगळं छान दिसतं. मग स्क्रीनवर "लाइव्ह फाइल सिस्टम सापडली नाही" अशा अर्थाचा संदेश येतो आणि माणूस डोकं धरून बसतो.

कारण साधं आहे. लूपबॅक फक्त ग्रबच्या डोक्यात असतं. कर्नलनं ताबा घेतला की ग्रब संपला, त्याच्यासोबत ते लूपही गेलं. कर्नलसमोर आता एक यूएसबी ड्राइव्ह आहे आणि त्यावर एक मोठी फाइल आहे, बस. त्या फाइलच्या आत आपलंच घर आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. ते कर्नलच्या ओळीतून सांगतात, आणि लिनक्सच्या प्रत्येक घराण्याची (उबंटू, डेबियन, आर्च) बोली वेगळी. उबंटू आणि मिंटमध्ये लाइव्ह सिस्टम उभं करणारं कॅस्पर असतं, त्याला आयएसओ-स्कॅन/फाइलनेम लागतं. डेबियनच्या लाइव्ह पद्धतीवर बांधलेल्यांना, म्हणजे क्लोनझिलालाही, फाइंडआयएसओ लागतं. सिस्टमरेस्क्यू आर्चच्या घरातलं, त्याला आयएमजी_डेव्ह आणि आयएमजी_लूप. एकाची ओळ दुसऱ्याला लावली तर तक्रार येत नाही, फक्त सापडत नाही.

आयएसओच्या आत बूट फोल्डरात लूपबॅक.सीएफजी नावाची फाइल आहे का, हे आधी बघावं. असेल तर बनवणाऱ्यांनीच ही सगळी ओळ लिहून ठेवलेली असते. आपण आयएसओचा पत्ता आयएसओ_पाथ या चलात भरायचा, ते पुढे पाठवायचं आणि त्या फाइलला हाक मारायची. नसेल तर आयएसओ उघडून कर्नल आणि इनिटआरडीची नेमकी नावं डोळ्यांनी बघून घ्यावीत. ती आवृत्तीगणिक बदलतात आणि इंटरनेटवरची ओळ जुन्या नावाची असते.

विंडोजचा आयएसओ या वाटेनं जात नाही. विंडोजचा बूट मॅनेजर ग्रबनं चालू करून दिला तरी तो पुढच्या फायली फर्मवेअरला विचारतो, आणि फर्मवेअरला ग्रबचं लूप दिसत नाही. त्याच्या फायली उलगडूनच ठेवाव्या लागतात. तिथं त्याचीही बूटएक्स६४.ईएफआय आपल्या फाइलवर येऊन बसू पाहते. तिला दुसऱ्या फोल्डरात हलवून चेनलोडरनं (एका बूट प्रोग्रामनं दुसऱ्याला सुरू करायची आज्ञा) बोलवलं की काम होतं. जुन्या बायोसच्या मशीनवर विंडोज टाकायचंच नव्हतं, त्यामुळे तो रस्ता बांधलाच नाही.

सिक्युअर बूटची सही

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला.

सिक्युअर बूट चालू असलेलं फर्मवेअर मायक्रोसॉफ्टची सही असलेलाच पहिला प्रोग्राम चालू देतं. ग्रब-इन्स्टॉलनं आपण बनवलेल्या ग्रबवर अशी सही नसते. म्हणून लिनक्सवाल्यांनी शिम नावाचा छोटा प्रोग्राम केला: त्याच्यावर मायक्रोसॉफ्टची सही, आणि त्याच्या पोटात त्या वितरणाचं (उबंटू, डेबियन असं लिनक्सचं एकेक रूप) स्वतःचं सर्टिफिकेट. फर्मवेअर शिमला सोडतं, शिम ग्रबला तपासून सोडतो, ग्रब शिमला विचारून कर्नलला सोडतो. बूटएक्स६४.ईएफआयच्या जागी उबंटूचा शिम ठेवला, त्याच्या शेजारी उबंटूनं सही केलेला ग्रब, ग्रबएक्स६४.ईएफआय या नावानं. त्या ग्रबमध्ये कॉन्फिगचा पत्ता आधीच कोरलेला असतो, ईएफआय फोल्डरातलं उबंटू फोल्डर. तिथं दोन-तीन ओळींची छोटी फाइल ठेवली जी लेबल शोधते आणि खऱ्या मेन्यूकडे पाठवते. या ग्रबला बाहेरून मॉड्युल घेता येत नाही, पण लूपबॅक, आयएसओ९६६०, पीएनजी, पासवर्ड असं लागणारं बहुतेक सगळं त्यात आधीच भरलेलं असतं.

शिमसोबत एफबीएक्स६४.ईएफआय नावाची आणखी एक फाइल मिळते. ती बूट फोल्डरात ठेवायची नाही. ती दिसली की शिम आधी तिला चालवतो आणि ती मशीनच्या बूट यादीत आपली नोंद घालायला जाते, म्हणजे नेमकं जे करायचं नव्हतं तेच.

ऑफिसच्या डेस्कटॉपवर मिंट पहिल्या झटक्यात सुरू झालं. क्लोनझिला मात्र "बॅड शिम सिग्नेचर" म्हणून अडलं. गंमत अशी की क्लोनझिलाच्या कर्नलवर सही होती, डेबियनची. डेबियन १० पासून, म्हणजे २०१९ पासून, डेबियनच्या कर्नलवर सही असते. पण आपला शिम उबंटूचा. त्याच्या पोटात उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचं सर्टिफिकेट, डेबियनचं नाही. सही खरी असून ओळखीची नव्हती. मिंट चाललं कारण मिंट उबंटूचाच कर्नल वापरतं. सिक्युअर बूटवर बरंच लिहिलेलं सापडतं, पण वेगवेगळ्या घराण्यांची वितरणं एका शिमखाली आणली की काय होतं यावर फार कमी.

सुदैवानं क्लोनझिला दोन प्रकारांत मिळतं, डेबियनवरचं आणि उबंटूवरचं. उबंटूवरचं घेतलं, कर्नलवर कॅनॉनिकलची सही, अडचण संपली. ओळ मात्र तीच फाइंडआयएसओची.

मेमटेस्ट८६+ आणि सिस्टमरेस्क्यूला असा पर्याय नाही. त्यांच्यावर शिमला पटेल अशी सहीच नाही. सिक्युअर बूट चालू असलं की ग्रब लॉकडाउन या चलात "वाय" भरतो. त्यावर अट घालून त्या दोन मशीनवर हे दोन पर्याय मेन्यूत येऊच दिले नाहीत. दिसतात पण चालत नाहीत असे पर्याय काकांच्या मेन्यूत ठेवले तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन ठरलेला. तिथं रॅम तपासायला विंडोजचंच मेमरी डायग्नोस्टिक आहे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: त्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे. शिमवरून गेलेल्या बूटची नोंद टीपीएममध्ये पडते, आणि मग तिथूनच विंडोज चालू केलं तर बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो. म्हणून तिथं सूचना अशी की पेनड्राइव्ह काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. मेन्यूतून विंडोज नाही.

काकांना वाचता येणारा मेन्यू

मेन्यू मराठीत हवा, ही काकांची अट. ग्रबला युनिकोड कळतं, तो वापरतो त्या युनिफॉन्ट फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं आहेत, म्हटलं सोपं आहे. स्क्रीनवर आलं ते वाचून काका म्हणाले, "हे काय, पोरानं पहिलीत लिहिलंय का?" पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे यायची ती पलीकडे जाऊन बसलेली, जोडाक्षरं सुटी होऊन हलन्त मिरवतायत. ग्रब एकेक अक्षर सुटं मांडतो. जोडाक्षर घडवणं त्याला येत नाही. वेगळा फॉन्ट देऊनही फरक पडत नाही, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये फॉन्टच्या फायलींतली सुरक्षेची भोकं बुजवल्यापासून सिक्युअर बूटखाली बाहेरचा फॉन्ट ग्रब घेतच नाही.

चित्र मात्र तो घेतो. १०२४ बाय ७६८ चं पीएनजी केलं: काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात "१ कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू करा", "२ डिस्क बिघडली तरी अभ्यास चालू ठेवा", "३ रॅम तपासा (वेळ लागतो)", "४ जाणकारांसाठी". चित्रातली प्रत्येक ओळ मेन्यूच्या त्याच उंचीवर यावी म्हणून थीममध्ये ओळीची उंची पक्की बांधली. मेन्यू खाली सरकायला लागला की चित्र आणि ओळी यांची फारकत होते, म्हणून वरच्या पातळीवर चारच पर्याय ठेवले आणि बाकी सगळं चौथ्याच्या आत. सिक्युअर बूटवाल्यांसाठी तिसरी ओळ नसलेलं वेगळं चित्र. प्रत्येक पर्यायाला हॉटकी म्हणून त्याचा आकडा. उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीत नमलॉक बंद असेल तर ते चालत नाहीत. "वरच्या ओळीतला आकडा दाबा" हेही चित्रातच लिहिलं. एका जुन्या मशीनवर ग्राफिक मोडच मिळत नाही, तिथं चित्र येत नाही, म्हणून खऱ्या शीर्षकांत रोमन लिपीतलं मराठी आहेच.

मग काकांना पेनड्राइव्ह दिला आणि शेजारी गप्प बसलो. त्यांनी २ दाबलं. स्क्रीन काळी झाली. जुन्या बायोसवर पेनड्राइव्हवरून इनिटआरडी वाचायला बराच वेळ जातो आणि तोवर स्क्रीनवर काहीच दिसत नाही. काकांनी एंटर दाबलं, परत दाबलं, मग पॉवरच्या बटणाकडे बोट गेलं. "काका, थांबा जरा." "अरे, बंद पडलं ना ते!" त्या संध्याकाळी प्रत्येक पर्यायात कर्नलच्या आधी एको आज्ञेनं एक ओळ घातली, रोमन लिपीतच: थांबा, वेळ लागेल, बटण दाबू नका. पुढच्या वेळी काका हाताची घडी घालून बसले.

चौथ्या पर्यायाला पासवर्ड आहे. क्लोनझिला एका चुकीच्या उत्तरावर अख्खी डिस्क पुसू शकतं आणि विंडोजचा सेटअपही. ग्रबमध्ये सुपरयूजर ठरवला की पर्याय बदलायला आणि कमांड लाइनवर जायलाही पासवर्ड लागतो. पहिल्या तिघांवर अनरिस्ट्रिक्टेड लिहून ते मोकळे ठेवले. पासवर्ड साधा न लिहिता पीबीकेडीएफ२ पद्धतीनं केलेला हॅश (ज्यातून मूळ पासवर्ड सहज निघत नाही) फाइलमध्ये ठेवायचा. अर्थात हा पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून कुणीही ती फाइल बदलू शकतं, ग्रब.सीएफजीवर सही नसते. चोरापासून वाचवण्याचा हा उपाय नव्हेच. अकरावीतल्या कुतूहलापासून वाचवायचं होतं, तेवढं होतं.

दहा सेकंद काहीच दाबलं नाही तर पहिला पर्याय चालतो, म्हणजे पेनड्राइव्ह चुकून मशीनमध्ये राहिला तरी मशीन आपलं आपण सुरू होतं. बायोसवर त्यासाठी दुसऱ्या डिस्कचा पहिला सेक्टर चेनलोड करतो, यूईएफआयवर एक्झिट करून फर्मवेअरकडे परत जातो. बिटलॉकरवाल्या दोन डेस्कटॉपवर मात्र पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करायची वरची सूचनाच पाळायची.

टॅबलेट आणि पुढची काळजी

अकराव्या टू-इन-वनवर पेनड्राइव्ह बूट मेन्यूतच दिसेना. प्रोसेसर ६४ बिटचा, पण फर्मवेअर ३२ बिटचं. इंटेलच्या बे ट्रेल ॲटम प्रोसेसरच्या काळात अशी बरीच यंत्रं निघाली. ते फर्मवेअर बूटएक्स६४ कडे बघतही नाही, त्याला बूटआयए३२.ईएफआय हवं. तिसऱ्यांदा ग्रब-इन्स्टॉल, आय३८६-ईएफआय लक्ष्यावर, त्याच बूट फोल्डरात. उबंटूच्या शिमची ३२ बिटची आवृत्ती नाही, पण या यंत्रात सिक्युअर बूट बंद करता आलं. ते अभ्यासिकेचंच आहे. मिंट सुरू झालं. आवाज येत नाही, आणि एकच मायक्रो यूएसबी असल्यानं कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह दोन्ही लावायला हब लागतो. एमपीएससीच्या पीडीएफ वाचायला चालतंय.

पेनड्राइव्हची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणि एक डिस्कवर इमेज म्हणून ठेवली आहे. आयएसओ बदलताना आधी एसएचए२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) पडताळायचा, कॉपी झाल्यावर पेनड्राइव्हवरच्या फाइलचाही पडताळायचा, आणि सिंक होऊन ड्राइव्ह सुरक्षित काढायची सूचना येईपर्यंत ओढायचा नाही. कॉपीची पट्टी पूर्ण झाली तरी मागे लिहिणं चालूच असतं. हे काम आता एमपीएससीवाल्यांतली एक मुलगी करते. तिनं दुसरी प्रत स्वतःच तयार केली.

शिमवर मात्र लक्ष ठेवावं लागेल. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं जुने शिम आणि ग्रब बाद ठरवले आणि कित्येकांच्या मशीनवर लिनक्स "एसबीएटी सेल्फ-चेक फेल्ड" म्हणून थांबलं. ऑफिसच्या डेस्कटॉपवर विंडोज अपडेट होतच राहणार, म्हणून दर काही महिन्यांनी उबंटूच्या ताज्या पॅकेजमधून शिम आणि ग्रबच्या फायली पेनड्राइव्हवर घ्यायच्या असं ठरलंय. त्यात आणखी एक पेच आहे: मायक्रोसॉफ्टचं ज्या सर्टिफिकेटनं शिमवर सही होत आली ते २०११ चं, त्याची मुदत जून २०२६ पर्यंतची, आणि पुढचे शिम २०२३ च्या सर्टिफिकेटच्या सहीनं येणार. ते सर्टिफिकेट ज्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये आलेलं नाही तिथं नवा शिम चालणार नाही, जुना चालेल. म्हणून नवी फाइल टाकण्याआधी चालत असलेला शिम "जुने" नावाच्या फोल्डरात हलवायचा आणि नवा दोन्ही डेस्कटॉपवर एकदा सुरू करून बघितल्याशिवाय काकांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह परत जायचा नाही.